आमच्या कॉलनीचे सहा कॅमेरे

१२ नोव्हें., मंगळ.

डबा आला. डी.व्ही.आर. म्हणतात त्याला. दिवाणखान्यात टी.व्ही.शेजारी बसवला, वर एक छोटा स्क्रीन, त्याचे सहा चौकोन. कॉलनीचे सहा कॅमेरे, सहाही आमच्या घरात.

समितीचे अध्यक्ष राठौर भिया (भैयाला इकडे भियाच म्हणतात) स्वतः उभे राहून वायरी ओढून घेत होते. "मुळे साब, आप रिटायर आदमी, दिन भर घर पे। आपसे बढ़िया कौन संभालेगा?" चौतीस वर्षं वीज खात्यात काढली, आता हे. पण नाही कसं म्हणणार. कॅमेऱ्यांसाठी घरोघरी सह्या गोळा करत मीच हिंडलो होतो.

कारण शैला. दोन महिने झाले. सकाळी सव्वासहा, डेअरीवरून दूध घेऊन येत होती. मोटरसायकलवर दोघं, हेल्मेट घातलेले. मंगळसूत्र ओढलं, ही पडली, डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. मनगट वळतं आता. बायको फाटकाबाहेर जात नाही. भाजी घ्यायलासुद्धा नाही. ठेलेवाल्याला आतूनच हाक मारते.

कॅमेरे लागले की जाशील ना, विचारलं.
"बघू," म्हणाली.

१५ नोव्हें.

तीन दिवसांत आलेली प्रकरणं: (१) चप्पल. (२) कोणाच्या कुत्र्याने कोणाच्या दारात घाण केली. (३) जास्वंदीची फुलं. पहाटे कोणीतरी तोडून नेतं, देवाला वाहायला. चोरीच्या फुलांवर देव प्रसन्न होतो म्हणे.

तिसरं प्रकरण सुटलं. फुलं तोडणारी तक्रारदार बाईंची सख्खी जाऊ निघाली. दोघी माझ्याच सोफ्यावर भांडल्या. शैलाने चहा केला.

२१ नोव्हें., गुरु.

दुसऱ्या गल्लीतले एक सद्गृहस्थ आले. नाव लिहीत नाही. बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं. मग हळूच, "मुळे जी, ज़रा परसों का दिखा दो. बहू कितने बजे आई, किसके साथ आई."

नाही म्हणालो.
"अरे, कॅमेरा तो सबका है! हमने भी साइन किए हैं."
म्हटलं, चोरासाठी केल्यात, सुनेसाठी नाही.

तोंड वाकडं करून गेले. ते गेल्यावर शैला म्हणाली, "ती सून बँकेत आहे हो. मार्च-एप्रिलमध्ये आठ वाजतातच तिला. आता नोव्हेंबर आहे, पण..." आणि हसली. खूप दिवसांनी.

२६ नोव्हें.

आज खरी स्थिती लिहून ठेवतो. दोन नंबर: कडुलिंबाची फांदी. वारा असला की रस्ता दिसतो, नसला की पानं. तीन नंबर: धूळ. पाच नंबर: समोर कोणा नेत्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स. गेले आठ दिवस पाच नंबर चोवीस तास नेत्याचा उजवा कान बघतोय.

राठौर भियांना फोन. "फ्लेक्स को हाथ मत लगाना मुळे साब, अपने ही आदमी हैं."
मग फांदी तरी छाटा.
"पेड़ का परमिशन लगता है."

कॅमेरे लावणारे सलीम भाई येऊन गेले. शांत गृहस्थ. शिडीवरून उतरताना म्हणाले, "साहब, कॅमेरा तो बराबर है. सामने की दुनिया बराबर नहीं है."

३ डिसें., मंगळ.

जे झालं ते लिहायला पाहिजे. मेन गेटजवळच्या पार्किंगमधून गाड्यांच्या बॅटऱ्या जात होत्या. कॅमेरा सहावर माणूस स्पष्ट दिसला. उन्हात, तोंडासमोर, बॉनेट उघडताना. गेटवरच्या चौकीदाराने ओळखला, पाण्याच्या टँकरवर काम करायचा. पकडला, दोन बॅटऱ्या परत मिळाल्या.

म्हणजे उपयोग होतो. बंदिस्त जागा, एकच रस्ता, थांबून करायची चोरी, तिथे होतो. मान्य.

राठौर भियांनी पेढे वाटले. जणू स्वतः धावून पकडला.

९ डिसें., सोम.

आज कुलकर्णीबाईंची साखळी गेली.

आमच्या समोरच्याच. शाळेतून निवृत्त, सत्तरीच्या. सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, कॅमेरा एकच्या बरोबर खाली. बाई रस्त्यावर बसून "अगं बाई, अगं बाई" करतायत आणि डोक्यावर कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू. मानेवर ओरखडा. सुदैवाने पडल्या नाहीत जोरात.

फुटेज घेऊन ठाण्यात गेलो. मोटरसायकल काळी, नंबरप्लेट वर वाकवलेली, पुढे हेल्मेट, मागे हेल्मेट. साहेबांनी तीनदा पाहिलं. "फुटेज तो बहुत साफ़ है. आदमी साफ़ नहीं है."

रिपोर्ट लिहिली. त्यांनी विचारलं, आपकी मिसेस वाली भी यही गाड़ी थी क्या? मी म्हटलं, तेव्हा कॅमेरे नव्हते. "हाँ," म्हणाले, "तब कॅमरे नहीं थे."

घरी आलो तर शैला स्क्रीनसमोर. तीच क्लिप लावून बसलेली. थांबवते, मागे नेते, परत लावते. बंद कर म्हटलं. ऐकलं नाही. उठून मीच बंद केलं. ते अगोदर करायला हवं होतं, सकाळीच.

१२ डिसें.

आता ती सकाळपासून तिथेच. मेथी निवडते ती स्क्रीनसमोर, जपाची माळ स्क्रीनसमोर. डाव्या हातात बॉल दाबायचा व्यायाम दिलाय डॉक्टरने, तो दाबत बघत असते. मोटरसायकल आली की बॉल घट्ट. गेली की सैल.

"आज सत्तावीस मोटरसायकली, दोघं बसलेल्या. नऊ हेल्मेटवाल्या."

म्हटलं, शैला, याने काय होणार?
"तुम्हीच आणलंत हे घरात."

बरोबर आहे तिचं. भीती कमी व्हावी म्हणून आणलं. पूर्वी तिला एक रस्ता घाबरवायचा, आता सहा.

२० डिसें., शुक्र.

गेटवर नवीन फ्लेक्स. 'अपराध मुक्त कॉलोनी. हर पल तीसरी आँख की नज़र.' खाली राठौर भियांचा फोटो, हात जोडलेला. कुलकर्णीबाई रोज त्याच्याखालून जातात, मान रुमालाने झाकून.

भियांना भेटलो. म्हटलं, बॅटऱ्या सोडल्या तर काय थांबलं ते सांगा. आणि मागच्या गल्लीचं काय? कॅमेरे लागल्यापासून तिथे दोघींचे मोबाइल हिसकावले. तिथे कॅमेरा नाही हे आपल्याला कळतं तर त्यांना कळत नाही?

"वो गली अपनी कॉलोनी में आती ही नहीं, मुळे साब."
"चोर नक्शा घेऊन फिरतो का?"
"आप टेंशन भोत लेते हो." पाठीवर थाप.

मला त्या थापेचाच जास्त राग आला. घरी येऊन अर्धा तास बडबडत होतो. शैला म्हणाली, भियांना जे सांगायचं ते मला कशाला सांगताय.

६ जाने., सोम.

शैलाने दुपारी हाक मारली. "अहो, इकडे या. चार नंबर बघा."

चार नंबर म्हणजे कोपरा. त्याला लागून मुलींचं पी.जी. आहे, बाहेरगावच्या मुली कोचिंगसाठी राहतात. चार वाजता त्यांचा क्लास असतो. एक बारीकशी मुलगी, निळी बॅग, झपाझप चाललेली. बुलेटवर दोन पोरं, तिच्या चालीने बरोबर. ती थांबली की थांबतात, निघाली की निघतात. एकाने गाडी आडवी घातली. ती भिंतीला चिकटून निघाली.

"आज आठवा दिवस," शैला म्हणाली. "मी रोज बघते. आधी वाटलं ओळखीची असतील. नाहीत. ती आता चालताना फोन कानाला लावते, बोलत नाही कोणाशी. ओठ हलत नाहीत तिचे."

इतकं बघते ही. मी तर फक्त फांदी छाटली की नाही ते बघतो.

८ जाने.

पी.जी.वर गेलो. मालकीणबाईंनी मुलीला बोलावलं. आकांक्षा, खरगोनची. एकोणीस असेल. मी क्लिपबद्दल सांगितलं. म्हटलं तू तक्रार दे, मी येतो बरोबर, पुरावा आहे.

तिचा चेहरा एकदम उतरला. "अंकल, मत करना प्लीज़. पापा को पता चला तो सामान बाँध के ले जाएँगे. मेरा एक अटेम्प्ट बचा है." मग विचारलं, "कितने लोग देखते हैं वो कॅमरा?"

म्हटलं, मी आणि माझी मिसेस.
"रोज़?"
हो म्हणालो. तिला बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. मला मात्र वाईट वाटलं. आठ दिवस कोणीतरी आपल्याला बघत होतं आणि आलं नाही कोणी.

१० जाने., शुक्र.

तरी ठाण्यात गेलो, मुलीचं नाव न सांगता. साहेब नव्हते, दुसरे होते. क्लिप पाहिली.
"हाथ तो नहीं लगाया ना?"
नाही.
"कुछ बोला?"
आवाज येत नाही कॅमेऱ्यात.
"तो फिर? रोड पे गाड़ी चलाना जुर्म थोड़ी है." तरी गाडीचा नंबर लिहून घेतला. गश्त पाठवतो म्हणाले. पाठवतील.

परतताना राठौर भिया. त्यांना सांगितलं, तर, "मुळे साब, लड़कियों के मामले में मत पड़ो. कॉलोनी का नाम ख़राब होता है." आणि पुढे, तो पी.जी.च बंद करायला लावू म्हणाले. म्हणजे बुलेटवाले राहू द्या, मुलींना काढा! असा संताप आला की तिथेच... काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

शैलाला सगळं सांगितलं. बॉल दाबत होती.

१३ जाने., सोम.

क्रमाने लिहितो.

चारला दहा कमी. मी आतल्या खोलीत पेन्शनचा कागद शोधत होतो. बाहेरच्या दाराची कडी वाजली. वाटलं कोणी आलं. बाहेर आलो तर दिवाणखान्यात शैला नाही. स्वैपाकघरात नाही. गच्चीवर हाक मारली. नाही. मेथीची जुडी स्क्रीनसमोर तशीच, बॉल खाली.

मग स्क्रीनकडे नजर गेली. चार नंबरच्या चौकोनात शैला.

घरातला गाऊन, वरून माझी जुनी शाल, पायात बाथरूमची स्लिपर. रस्त्याच्या मधोमध उभी. समोर बुलेट, बाजूला भिंतीशी ती मुलगी. शैलाचा हात वर गेला, डावा हात, तोच. काहीतरी बोलत होती. आवाज नाही. एवढंसं चित्र, माझी बायको बोटाएवढी. पोरांपैकी मागचा उतरला. मी पाहिलं तो उतरला. आणि मी इथे, दिवाणखान्यात. पाय हलेनात काही क्षण. हे लिहायला लाज वाटते.

मग पळालो. चप्पल न घालता. कोपऱ्यावर पोचेपर्यंत बुलेट निघून गेली होती. समोरच्या दुकानाचा किराणावाला बाहेर आलेला, पी.जी.ची मालकीण गॅलरीत. शैला आकांक्षाचा हात धरून उभी.

घरी आल्यावर विचारलं, काय बोललीस?

"काही नाही हो. म्हटलं, क्यों भिया, किसके घर जाना है? रोज ढूँढ रहे हो, मिल नहीं रहा? चलो, मैं पहुँचा देती हूँ. तुम्हारी मम्मी का नंबर दो, उनसे पूछ लेती हूँ."

"आणि तो उतरला तेव्हा?"

"तेव्हा काही सुचलं नाही. तिथेच उभी राहिले. मग किराणावाला बोलला, क्या हुआ आंटी? बस. गेले."

पाणी प्यायली. मग म्हणाली, "मी फाटकाबाहेर गेले का हो?"

१४ जाने., संक्रांत

हळदीकुंकू. दरवर्षीप्रमाणे बायका आल्या. यंदा तिळगूळ राहिला बाजूला, कालची गोष्टच चालली. शैला सांगत होती, दर वेळी थोडी निराळी. चौथ्यांदा सांगताना पोरं तीन झाली. मी आतून दुरुस्त करणार होतो, गप्प बसलो.

कुलकर्णीबाई म्हणाल्या, "चार वाजता मलाही काही काम नसतं." त्यावर बँकेतल्या सुनेची सासू म्हणाली, मलाही नसतं. तीच, जिच्या नवऱ्याला फुटेज पाहिजे होतं.

२० जाने., सोम.

आता रोज पावणेचारला कोपऱ्यावर चार-पाच खुर्च्या. मटारचे दाणे सोलणं, स्वेटर, गप्पा. हुकूम असा की येणाऱ्या-जाणाऱ्या मुलीला नावाने हाक मारायची. नावं पाठ करतायत बायका. कुलकर्णीबाईंना शाळेची सवय, त्यांना पहिल्याच दिवशी अकरा आली.

शैला घर ते कोपरा एकटी जाते. डेअरीपर्यंत नाही अजून. सकाळी नाहीच. मोटरसायकल मागून आली की भिंतीकडे सरकते, मी पाहिलं. स्क्रीनवरच पाहिलं. तिला सांगितलं नाही.

३ फेब्रु., सोम.

बुलेट मागच्या गल्लीत दिसली म्हणे. तिथे कॅमेरा नाही, खुर्च्याही नाहीत. आकांक्षाने स्वतः येऊन सांगितलं, शैलाला. तर आज तीन खुर्च्या तिकडे. बायकांचा लांबचा पल्ला झाला, कुलकर्णीबाईंचे गुडघे दुखतात. असं किती दिवस चालणार? लग्नसराई लागली की अर्ध्या गावाला.

आणि राठौर भिया आले. हसत हसतच. "भाभीजी को बोलो, कुर्सियाँ अंदर लगाएँ. बाहर से पार्टी आती है फ़्लॅट देखने, लगता है यहाँ कुछ लफड़ा है." त्यांचा धंदा प्रॉपर्टीचा.

म्हटलं, लफडा आहेच.
"कॅमरे हैं ना!"

मी त्यांना हाताला धरून स्क्रीनसमोर आणलं आणि पाच नंबर दाखवला. नेत्याच्या कानावर आता कबुतर बसतं. भिया म्हणाले, "सलीम को बोलता हूँ." सलीम काय करणार त्यात?

१७ फेब्रु., सोम.

काल समितीची मीटिंग. मी कागदावर लिहून नेलं होतं. कॅमेरे लागल्यापासून काय झालं, कुठे, कॅमेऱ्यात आलं की नाही, आलं तर उपयोग झाला की नाही. वाचलं. पार्किंगमध्ये फरक पडला. रस्त्यावर नाही. जे गाडीवरून येतात आणि पाच सेकंदांत जातात त्यांना कॅमेऱ्याचं काही वाटत नाही. शिवाय काही गोष्टी फक्त मागच्या गल्लीत सरकल्या. तेव्हा आधी आहेत ते पुसा, फांदी छाटा, फ्लेक्स काढा, मागच्या गल्लीतला बंद पडलेला दिवा लावा, एक माणूस पायी फिरता ठेवा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भियांनीही. मग ठराव झाला: आणखी दहा कॅमेरे.

एकमताने. म्हणजे माझं धरून. मी हात वर केला नव्हता, पण खालीही धरून ठेवला नव्हता, चष्मा पुसत होतो.

शैला रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "सोळा चौकोन मावतील का त्या स्क्रीनवर?" मला वाटलं टोमणा. नव्हता. खरंच विचारत होती.

१९ मार्च, रंगपंचमी

सकाळपासून ढोल. दुपारी स्क्रीन पाहिला. एक नंबर गुलाबी, तीन हिरवा, सहा पूर्ण जांभळा. कोणीतरी पिचकारीने नेम धरून मारलेत. शहरात आज जो कोण काय करेल ते आमच्या इथे रंगीत धुकं म्हणून नोंदवलं जाईल.

शैला बाहेर होती, बायकांत. ओळखू येत नव्हती. चार नंबर तेवढा स्वच्छ होता, त्यातल्या पाच रंगीत बायकांपैकी कोणती आपली हे मला चालीवरून कळलं.

२५ मार्च, मंगळ.

ठाण्यातून फोन. साखळ्या ओढणारी जोडी पकडली. एक पळाला, एक आहे. काळी मोटरसायकल सापडली. सोनं नाही, वितळवलं असणार. उद्या मिसेसना घेऊन या. कुलकर्णीबाईंनाही.

शैलाला सांगितलं. पोळी लाटत होती, लाटतच राहिली.

२६ मार्च, बुध.

तिघं गेलो. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, परवा जेलमध्ये शिनाख्ती परेड, तहसीलदारसाहेबांसमोर. आठ-दहा जण उभे करतील, त्यातून ओळखायचं. आणि मग सहज मोबाइल पुढे केला. "ये देख लीजिए पहले. आसानी रहेगी."

फोटो. बावीस-तेवीसचा पोरगा. खालचा ओठ सुजलेला.

मी म्हटलं, आधीच फोटो दाखवला तर ओळखपरेड कसली?
साहेब माझ्याकडे न बघता, "सर, कॅमरे में हेल्मेट है. कॅमरा कोर्ट में बोलेगा नहीं. मैडम बोलेंगी. बस हाथ रखना है कंधे पे. नहीं तो ये परसों बाहर, और अगले हफ़्ते फिर किसी का गला."

कुलकर्णीबाईंनी फोटो पाहिला न पाहिला. "तोच. डोळे तेच."
हेल्मेटला काळी काच होती. मी ते फुटेज चाळीस वेळा पाहिलंय. डोळे दिसत नाहीत. बोललो नाही, त्यांच्या मानेवर अजून रेघ आहे.

शैला बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मला चेहरा नाही आठवत. हात आठवतो. याचे हात दाखवता का?"
साहेब हसले. "हाथ में क्या देखेंगी भाभीजी? सबके एक जैसे होते हैं."

रिक्षात कुलकर्णीबाई तिला समजावत होत्या. "शैला, तू नाही म्हणालीस तर माझ्या एकटीच्या सांगण्याला कोण विचारतंय? म्हातारी बाई, चष्मा लावते, असं म्हणतील. सोडतील त्याला. मग परत घरात तूच बसशील ना घाबरून?" रागाने नव्हतं बोलणं. विनवत होत्या.

शैला बाहेर बघत होती.

२७ मार्च, गुरु.

सलीम भाई रंग पुसून गेले. नवीन दहाचे खोके गेटवर येऊन पडलेत.

दुपारी चारला शैला कोपऱ्यावर गेली नाही. आकांक्षा येऊन विचारून गेली, आंटी ठीक हैं ना? तिची परीक्षा महिन्यावर आलीय.

जेवताना शैला म्हणाली, "तुम्ही माझ्या जागी असतात तर?"
म्हटलं, खात्री नसेल तर नाही म्हणेन.
"आणि तोच असेल तर? सोडला आणि त्याने पुढच्या बाईला पाडलं, तिचं डोकं आपटलं तर?"
मग मी म्हणालो, आणि तो नसेल तर? ती म्हणाली, "तेच तर. तो ओठ पाहिलात का तुम्ही?"

उद्या अकराला जेल. रिक्षा साडेनऊची सांगितली आहे. साडी काढून ठेवलीय तिने, साधी.

आता संध्याकाळचे साडेसहा. मगाशी तिने उठून स्क्रीन बंद केला. पहिल्यांदाच. समितीचा नियम आहे बंद करायचा नाही म्हणून, पण मी परत लावला नाही. खुर्चीत बसलीय, डोळे मिटून, हात मांडीवर. मी विचारलं, काय करतेस?

"सुरुवातीपासून जातेय," म्हणाली. "डेअरी. सुट्टे पैसे. पिशवी उजव्या हातात. डावीकडे वळले..."

मी काहीतरी म्हणायला गेलो.

"थांबा. बोलू नका. मोटरसायकलपर्यंत पोचतेय."